तोरण्यावर मुक्काम: मेंगाई मंदिराचा निवारा कसा आहे?

पुण्याहून एका रात्रीसाठी डोंगरावर जायचं म्हटलं की वर्षानुवर्षं पहिलं नाव निघायचं राजगडाचं. २०२२ मध्ये पुरातत्त्व खात्याने तिथल्या मुक्कामाला मनाई केली आणि साहजिकच नजर शेजारच्या तोरण्याकडे वळते. तोरण्यावर डोक्यावर छप्पर मिळतं ते मेंगाई देवीच्या मंदिरात. नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी पायथ्याच्या वेल्हे गावी वनखात्याकडे आणि गावात विचारून घ्यावं. मुक्कामाला हरकत नसेल तर आमचं मत स्पष्ट आहे: चार ते सहा जणांचा गट, ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी आणि आठवड्याच्या मधला वार एवढं जुळलं तर इतका चांगला निवारा पुण्याच्या जवळपास मिळणं कठीण. शनिवारी रात्री मात्र जाऊ नका. मंदिरात दहा-पंधरा माणसं कशीबशी मावतात. उशिरा पोचणाऱ्यांना बाहेर वाऱ्यात झोपावं लागतं.

वेल्ह्याला जायला दोन रस्ते आहेत. सातारा रस्त्याने नसरापूर फाट्याला वळून मार्गासनीवरून जाणारा रस्ता सोपा. खडकवासला, खानापूर आणि पाबे घाट हा रस्ता देखणा, पण वळणांचा आणि अंधारात त्रासदायक. एसटी स्वारगेटहून सुटते, पण परतीची वेळ कंडक्टरला विचारूनच गडाकडे निघा. डाळ-तांदूळ, मेणबत्ती, काडेपेटी यातलं काही राहिलं असेल तर ते वेल्ह्यातच घ्यायचं. सुट्टीच्या दिवशी वाटेत ताक-सरबत विकणारे बसलेले असतात, एरवी कुणी नसतं.

गडाची उंची १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यात सर्वात उंच किल्ला हाच. वेल्ह्यापासून चढ सुमारे ७०० मीटरचा. पाठीवर मुक्कामाचं ओझं असेल तर तीन तास धरा. पहिले दोन तास उघड्या सोंडेवरून चढायचं असतं, सावली जवळजवळ नाही. शेवटी कातळटप्पे येतात. तिथे लोखंडी रेलिंग आहे, तरी सॅकला बाहेर लटकवलेली कॅरीमॅट (झोपताना अंगाखाली घालायची फोमची गुंडाळी) किंवा पातेली त्यात अडकून तोल जातो. सगळं सामान सॅकच्या आत किंवा उभं बांधा. बिनी दरवाजा, मग कोठी दरवाजा, पुढे तोरणजाईचं देऊळ आणि मग मेंगाई. दुपारी दोनपर्यंत पायथा सोडला की उजेडात पोचून पाणी भरता येतं. चारनंतर निघालं तर कातळटप्पे अंधारात येतात, आणि या गडावर धडपडण्याची सगळ्यात जास्त शक्यता तिथेच असते.

मंदिराचा मोठा गुण म्हणजे वाऱ्यापासून आडोसा. हिवाळ्यातल्या शांत रात्री थंड हवा खाली उतरून दऱ्यांमध्ये साचते, त्यामुळे माथ्यावरचं तापमान पायथ्यापेक्षा फार कमी असतंच असं नाही. माणूस गारठतो तो वाऱ्याने आणि खालच्या दगडाने. वारा भिंती अडवतात, दगडाची तजवीज आपण करायची. दगडी जमीन रात्रभर अंगातली ऊब शोषत राहते. एक पातळ कॅरीमॅट पुरत नाही. दहा मिलिमीटरची एक, नाहीतर सहाच्या दोन एकावर एक घ्या, आणि त्याखाली प्लास्टिकचा कागद. स्लीपिंग बॅग कितीही जाड असली तरी अंगाखाली तिचं आतलं भरण दबतं आणि ऊब धरत नाही, म्हणून पैसे वाचवायचे तर बॅगेत वाचवा, कॅरीमॅटमध्ये नको. पुण्यात बॅग भाड्याने घेताना चेन दोनदा लावून-काढून पाहा आणि आतल्या पट्टीवरचा ‘कम्फर्ट’ आकडा, म्हणजे आरामात झोप लागण्याचं तापमान, वाचा. त्याखालचा ‘लिमिट’ आकडा म्हणजे कुडकुडत निभावण्याचं तापमान. तोरण्यासाठी कम्फर्ट १० अंशांच्या आसपास असलेली बॅग, सोबत कानटोपी आणि कोरडे मोजे एवढं पुरतं.

तंबू न्यायची गरज नाही. नेलाच तर माथ्यावर माती इतकी पातळ आहे की खुंट्या चार बोटं आत गेल्या की कातळाला लागतात. मग लोक तटाचे दगड उचलून दोऱ्यांवर ठेवतात. हे कृपा करून करू नका. त्या तटातला निखळलेला प्रत्येक दगड परत बसवायला जाणकार हात लागतात, आणि ते सहजी मिळत नाहीत.

पाण्याची सोय बरी आहे. मंदिराजवळच्या खोकड टाक्याला बारमाही पाणी असतं. पण हे कातळात खोदलेलं टाकं आहे. त्यात पाणी साठतं, वाहून जात नाही. एकदा साबण किंवा खरकटं आत गेलं की पुढच्या पावसापर्यंत तिथेच राहतं. काठावर भांडी घासू नका. पाणी बाहेर काढून निदान पन्नास-साठ पावलं लांब न्या. पिण्यासाठी चौपदरी फडक्यातून गाळून उकळा. या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, जंतू मारायला तेवढं पुरे. खळखळून एक मिनिट उकळलं की झालं. चढताना माणशी अडीच लिटर सोबत हवं. वर रात्रीचा स्वयंपाक, चहा आणि सकाळचं पिणं धरून चौघांना दहा लिटर लागतं. पाच लिटरची घडीची पिशवी असेल तर दोन फेऱ्यांत काम होतं.

उकळण्याचं तापमान कमी असल्याचा फटका बसतो तो डाळीला. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी कणी राहते आणि गॅस संपतो. मूगडाळीची खिचडी करा. चौघांना ३०० ग्रॅम तांदूळ, १५० ग्रॅम डाळ, तीन लिटरचा कुकर. डाळ-तांदूळ घरूनच धुऊन वाळवून न्या, वर पाणीही वाचतं आणि वेळही. २२०-२३० ग्रॅमची गॅसची डबी वारा नसेल तर दहा-बारा लिटर पाणी उकळते. वाऱ्यात निम्म्यावर येते. पहाटे ज्योत मंद जळत असेल तर डबी गार पडल्यामुळे आतला दाब उतरलेला असतो. रात्री ती स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. शेगडीवर किंवा गरम पाण्यात तापवू नका. शेगडी मंदिराच्या आत पेटवायची नाही. काजळी भिंतींना धरते, बंद जागेत धूर आणि कार्बन मोनॉक्साईड साठतो, आणि मुळात हे देवीचं स्थान आहे. चपला बाहेर, मांस-दारू नाही, सकाळी झाडून निघायचं, एवढी रीत पाळली की गावकऱ्यांचीही हरकत राहत नाही.

आता उणिवा. उजेड नाही, शौचालय नाही, आणि उंदीर आहेत. उंदरांचं हलक्यात घेऊ नका. शेंगदाण्याची चिक्की सॅकच्या खिशात राहिली तर सकाळी सॅकला भोक पडलेलं असतं. सगळं खाणं एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा किंवा दोरीने टांगा. बूट उलटे झटकूनच पायात घाला, विंचू आणि फुरसं दोन्ही सह्याद्रीत नेहमीचे. साप चावला तर जागा कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही न करता अवयव स्थिर ठेवा, माणसाला उचलून खाली आणा आणि १०८ ला फोन लावा. माथ्यावर रेंजचा भरवसा नाही, म्हणून कुठून चढतोय आणि किती वाजता उतरणार हे वेल्ह्यात कुणाला तरी सांगून ठेवा.

शौचासाठी टाक्यांपासून साठ मीटर लांब आणि टाक्यांच्या उताराखालची जागा धरा. वीतभर खड्डा खणता येईल अशी माती मिळाली तर ठीक, नाहीतर कागद पिशवीत घालून परत आणायचा. शेकोटीचा मोह टाळा. सुकलेलं गवत क्षणात पेट घेतं आणि धुराने आग्या मोहोळ उठतं. अत्तर आणि उग्र वासाचे स्प्रेही त्याच कारणाने घरी ठेवा. गडावर ब्रह्मपिशाच्च आहे ही जुनी वदंता नव्यांना रात्री आठवतेच. वारा तटांच्या फटींतून घुमतो त्याचे आवाज चमत्कारिक असतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मे अखेरीला आणि परतीच्या पावसात इथे विजांचा धोका खरा आहे. माथा उघडा आहे आणि रेलिंग लोखंडी. पावसाळ्यात धुकं इतकं दाटतं की मंदिरापासून टाकंही दिसत नाही, कातळावर शेवाळ असतं आणि ओली बॅग रात्रभर वाळत नाही. त्या दिवसांत पहाटे चढून दुपारी उतरावं.

माची म्हणजे गडाच्या माथ्याखालची तटबंदीची सपाटी. सूर्यास्त बुधला माचीच्या बाजूला बघा, सूर्योदय झुंजार माचीच्या बाजूला. हवा स्वच्छ असेल तर राजगड, सिंहगड, पुरंदर, लिंगाणा, रायगड ओळीने ओळखता येतात. झुंजार माचीवर उतरायची वाट अवघड आहे. ती पूर्ण उजेडात, सॅक मंदिरात ठेवून आणि सवयीचा माणूस सोबत असेल तरच करावी.

दुसऱ्या दिवशी राजगडाला जाणाऱ्यांनी बुधला माचीकडून डोंगराची धार धरायची. राजगडाच्या संजीवनी माचीच्या आळू दरवाजापर्यंत सहा ते सात तास लागतात आणि वाटेत पाण्याची खात्री नाही. माणशी तीन लिटर खोकड टाक्यावर भरूनच निघा, आणि सातच्या आत. राजगडावर मुक्काम नसल्याने त्याच संध्याकाळी राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावात उतरायचं असतं, म्हणजे गाडी वेल्ह्यात ठेवून चालणार नाही.