सरकारी रुग्णालयातील ओएसटी केंद्र : एका नातेवाइकाचा अभिप्राय

मुंबईतील एका सरकारी रुग्णालयाच्या ओएसटी केंद्रात (ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी, म्हणजे अफूवर्गीय नशेऐवजी देखरेखीखाली पर्यायी औषध देण्याचा उपचार) माझा धाकटा भाऊ गर्दच्या (ब्राऊन शुगरच्या) व्यसनावर उपचार घेत आहे. ओळखीपाळखीचे लोक ‘सुटलं का?’ एवढेच विचारतात. मला मात्र त्याची झोप, जेवण, कामधंदा आणि घरातले बोलणेचालणे कितपत सुधारले, यावरूनच या सेवेचे मोल ठरवणे योग्य वाटते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा हा कार्यक्रम मुख्यतः सुईने नशा करणाऱ्यांसाठी आहे, आणि भाऊ पन्नीवर गर्द तापवून धूर ओढण्यावरून सुईवर गेलेला असल्यामुळे त्याला येथे प्रवेश मिळाला. औषध ब्युप्रेनॉर्फिनचे असून ते विनामूल्य आहे. परिचारिका गोळीची पूड करून जिभेखाली ठेवायला देतात, ती विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवतात आणि तोंड उघडून दाखवल्याशिवाय कोणालाही उठू देत नाहीत. गोळी बाहेर विकली जाऊ नये यासाठी ही दक्षता आवश्यकच आहे, आणि ती घेताना कोणाचा पाणउतारा होत नाही, हे मी मुद्दाम नमूद करते. सुरुवातीला टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, स्पष्ट दिसेपर्यंत डॉक्टरांनी गोळी दिलीच नाही. अंगात गर्दचा अंमल असताना ती घेतली तर टर्की एकाएकी उसळते, हे त्यांनी आम्हा दोघांनाही शांतपणे समजावून सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 26 प्रश्नांच्या संक्षिप्त प्रश्नावलीत जीवनमानाची शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंधांची आणि परिसराची अशी चार अंगे मोजली जातात. त्या मापाने पाहता शरीराला सर्वांत आधी आराम पडला : हाडे दुखणे, जांभया, नाक गळणे, जुलाब हे सारे थांबले आणि तो रात्रभर झोपू लागला. बद्धकोष्ठतेचा त्रास तेवढा आहे. घरातला विश्वास मात्र हळूहळू परतत आहे. आई आता पाकीट उशाखाली ठेवत नाही, आणि परवा तिने त्यालाच पैसे देऊन विजेचे बिल भरायला पाठवले. उदासी अजून ओसरलेली नाही. तिच्यासाठी नियमित समुपदेशन हवे, पण केंद्रात एकच समुपदेशक असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात.

माझी खरी तक्रार वेळेबद्दल आहे. गोळी फक्त सकाळच्या ठरावीक वेळेत, तीही रोज रांगेत उभे राहून घ्यावी लागते, त्यामुळे सकाळच्या पाळीची नोकरी धरणे अशक्य होते. भावाला चालून आलेले पॅकिंगचे काम त्यापायीच सोडावे लागले. ज्या उपचाराने माणूस कामाला लागावा, त्याच उपचाराने त्याचे काम हिरावून घ्यावे, हे मला कोणत्याही नियमाच्या आधारे पटत नाही. 2020 च्या टाळेबंदीत रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्याची मुभा देण्यात आली होती, म्हणजे हे अशक्य नाही.

सुईच्या नशेत अडकलेले कोणी घरात असेल, तर या केंद्रात अवश्य न्यावे, असेच मी सांगेन. जवळच्या उपचार केंद्राची चौकशी 14446 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर करता येते. रुग्णालयाने मात्र संध्याकाळी तासभर तरी खिडकी उघडावी आणि स्थिरावलेल्या रुग्णांना घरी गोळ्या देण्याचा विचार करावा, असा लेखी अर्ज मी केंद्रप्रमुखांकडे दिला आहे.