पेंटॅक्स के-१००० : जुना घेताना काय तपासायचं

फिल्मवर हात बसवायचा म्हटलं की पेंटॅक्सच्या के-१००० या फिल्म कॅमेऱ्याचं नाव कुणीतरी सुचवतंच. १९७६ ते १९९७ एवढा काळ तो बनत राहिला, तीस लाखांच्या वर खपला आणि जगभरच्या फोटोग्राफी वर्गांत वापरला गेला. या नावलौकिकाची किंमत आता जुन्या बाजारात गिऱ्हाइकाकडूनच वसूल होते. कॅमेरा चांगला आहे. पण पैसे नावाचे नव्हे, समोरच्या नगाच्या प्रकृतीचे द्यावेत.

यात ऑटो असं काहीच नाही. शटरचे वेग १ सेकंद ते १/१००० सेकंद आणि बी (बटण दाबून ठेवाल तेवढा वेळ उघडं), फ्लॅश १/६० ला. शटर पूर्ण यांत्रिक असल्यामुळे सेल संपला तरी फोटो निघतो. एक बटण-सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या काट्यासाठी. एलआर-४४ चालतो, पण एसआर-४४ घ्या. त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहतो.

मीटरला चालू-बंद करायचं बटणच नाही, आणि सेल वरचेवर संपण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. मीटर कायम चालू असतो. अंधारात त्याच्या प्रकाशपेशीचा रोध इतका वाढतो की सेल जवळजवळ खर्चच होत नाही. म्हणून काम झालं की लेन्सवर टोपण लागलंच पाहिजे. शटरच्या बटणालाही कुलूप नाही, तेव्हा फिल्म पुढे सरकवायचा लीव्हर ओढून ठेवलेला कॅमेरा पिशवीत टाकू नका. एक फ्रेम फुकट जाते.

दुकानात, मग ते मुंबईच्या बोरा बाजारातलं असो की आणखी कुठलं, लेन्स उतरवून मागचं दार उघडायला सांगा. कॅमेरा खिडकीच्या उजेडाकडे धरून मागून बघत १/१००० वर बटण दाबा. क्षणभर का होईना, पूर्ण चौकट उजळलेली दिसायला हवी. शटरचे दोन पडदे एकामागून एक धावतात. एक कड काळी राहिली तर पहिला पडदा रेंगाळतोय आणि दुसरा त्याला गाठून फट बुजवतोय. फोटोत ती बाजू काळी येणार. पाच-सहा वेळा करून बघा, कारण पहिल्या एक-दोन वेळा रुसणारं शटर नंतर सुरळीत चालतं आणि विकणारा नेमकं तेच दाखवतो. मग १ सेकंद. पडदा अर्ध्यावर अडकला किंवा दीड-दोन सेकंद घेतले तर आतलं ग्रीस वाळलंय. दुरुस्त होतं, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्या.

मीटरची परीक्षा भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली. एएसए (फिल्मची संवेदनशीलता) २००, शटर १/२५०, समोर उन्हातली हिरवळ, चौकटीत आकाश नको. लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग (छिद्र लहान-मोठं करणारी) एफ/११ ते एफ/१६ च्या दरम्यान असताना काटा मध्यावर यावा. रिंग फिरवूनही काटा हलत नसेल तर आधी सेलची खोबण बघा. हिरवट-पांढरा थर दिसला तर संपर्क गंजलाय.

लेन्सला मोबाईलचा टॉर्च मागून दाखवा. धूळ चालते, कोळिष्टकासारखे तंतू चालत नाहीत. ती बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात, त्यातून कोकणात, चामड्याच्या केसमध्ये बंद करून ठेवलेल्या लेन्सला ती हटकून धरते. केस वेगळं ठेवा आणि कॅमेरा सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात.

दाराच्या खाचांतला फोम बहुतेक नगांत चिकट काळा लगदा झालेला असतो. त्यातून उजेड शिरतो आणि फोटोवर नारिंगी पट्टे येतात. हे घरी जमतं. आइस्क्रीमच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खरवडा, कॅमेरा उलटा धरा म्हणजे चुरा पडद्यावर पडणार नाही. खाचांत काळी लोकर दाबून बसवा, बिजागरीकडे २ मिमी फोम. आरशावरच्या फोमपाशी जपून. तिथे वरच फोकसिंग स्क्रीन आहे, तिला थेंबही लागू देऊ नका. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको.

रोल भरताना होणारी चूक एकच आणि ती महागात पडते. फिल्मचं टोक चक्रीत नीट अडकत नाही, आकडा मात्र पुढे सरकत राहतो आणि ३६ वर पोहोचल्यावर कळतं की काहीच निघालेलं नाही. म्हणून दार लावल्यावर गुंडाळायची कळ हलकेच फिरवून ढील काढा. मग लीव्हर ओढताना तीच कळ उलटी फिरते का बघा. फिरली, तर फिल्म पुढे जाते आहे. रोलच्या शेवटी लीव्हर अडला की जोर लावू नका, छिद्रं फाटतात. खालचं छोटं बटण दाबून उलटं गुंडाळा.

मीटर सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, त्यामुळे आकाश जास्त असलं की माणसं काळवंडतात. कॅमेरा खाली झुकवून मोजा, आकडे ठरवा, मग चौकट बांधा.

के-१००० नुसता शोधत बसण्याआधी त्याचा मोठा भाऊ केएम बघा. के-१००० म्हणजे केएममधून सेल्फ टायमर आणि डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत पुढे-मागे किती भाग स्पष्ट येईल ते) बघायची सोय काढून स्वस्त केलेलं मॉडेल. त्याच भावात केएम मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. अर्थात वरच्या सगळ्या तपासण्या डोळे उघडे ठेवून केल्यावर. बरोबर येणारी ५० मिमी एफ/२ लेन्स पुढे पेंटॅक्सच्या डिजिटल एसएलआरवरही बसते. मेन्यूत अ‍ॅपर्चर रिंगला परवानगी द्या, एम (मॅन्युअल) मोडवर हिरवं बटण दाबून मोजा. एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीहून लहान सेन्सरच्या) बॉडीवर ती ७५ मिमीसारखी वागते, पोर्ट्रेटला छान.