रंगात अडते ती कार, चौकटीत अडतो तो ट्रक

प्लास्टिकचे सुटे भाग जुळवून छोटी प्रतिकृती बनवायचं कारचं किट आणि तसंच ट्रकचं किट शेजारी शेजारी ठेवलं की दोन्ही एकाच कामाचे दोन प्रकार वाटतात. काही महिने आलटून पालटून दोन्ही टेबलावर घेतल्यावर माझं मत पक्कं झालंय: कारच्या किटचा निकाल रंगावर लागतो आणि ट्रकच्या किटचा जुळणीवर. ज्याला स्प्रे, वॉटर पेपर आणि पॉलिश यांत गोडी आहे त्याने कार घ्यावी. सुटे भाग लावून बघण्यात, घासून पुन्हा लावण्यात ज्याचा वेळ मजेत जातो त्याने बिनदिक्कत ट्रककडे वळावं, पहिलंच किट असलं तरी. हे शेवटचं मत जुन्याजाणत्यांना सहसा पटत नाही, पण मी त्यावर ठाम आहे.

आधी मापाबद्दल, कारण खरेदी करताना पहिला गोंधळ तिथेच होतो. तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या जपानी कंपन्यांच्या कार आणि इटलीच्या इतालेरीचे ट्रक बहुतेक १/२४ मापात येतात. एएमटी, एमपीसी आणि रेव्हेलची अमेरिकन परंपरा १/२५ ची. १/२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला मॉडेलवर अर्धा इंच. दोन्हींत फरक साधारण चार टक्क्यांचा. सात मीटर लांबीचा ट्रक १/२४ मध्ये २९.२ सेंटिमीटर भरतो आणि १/२५ मध्ये २८. फळीवर दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण एका किटची चाकं दुसऱ्याला लावायला जा, किंवा एका कंपनीच्या ट्रॅक्टरमागे (म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकमागे) दुसरीचा ट्रेलर जोडा, की हे चार टक्के लगेच डोळ्यात भरतात. अमेरिकन किटांना स्वतःचा इतिहास आहे. १९४८ मध्ये सुरू झालेली एएमटी आधी मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या तयार प्रतिकृती बनवायची; १९५८ मध्ये तिने त्याच धर्तीवर सुट्या भागांची किटं आणली, एका खोक्यातून तीन तऱ्हांची गाडी बनवता येईल अशी: कारखान्यातून निघाल्यासारखी, सजवलेली किंवा शर्यतीची. जुन्या अमेरिकन खोक्यांत न लागणारे इतके भाग का उरतात, ते यावरून कळतं. ते उरलेले भाग टाकू नका. माझा एक डबा त्यांनीच भरलाय आणि तो सतत उघडावा लागतो.

कारच्या बाजूने सांगायचं तर तामियाच्या १/२४ माझदा एमएक्स-५ ने मला जुळणीत जवळजवळ काहीच काम ठेवलं नाही. खरी गाडी ३.९ मीटरची, म्हणजे मॉडेल साधारण १६ सेंटिमीटरचं. इंजिन दिलेलं नाही, बोनेट बंदच. अशा किटांना कर्बसाइड म्हणतात आणि काही लोक त्यांना नाक मुरडतात. मला उलट वाटतं. इंजिन असलेल्या किटमध्ये बोनेट उघडं ठेवलं तर गाडीचा आकार बिघडतो आणि बंद ठेवलं तर इंजिनवरची मेहनत अंधारात जाते. उघडझाप करणारं बोनेट या मापात नीट बसणं तर आणखी दुर्मीळ. भाग गोंदाशिवायच एकमेकांत असे बसत होते की जुळणी संपली तेव्हा खरं काम सुरूच व्हायचं होतं.

ते खरं काम म्हणजे बॉडी. पोलादी साच्याचे तुकडे जिथे एकमेकांना भिडतात तिथे प्लास्टिकवर बारीक उंचवटा उमटतो. कारच्या बॉडीला साचा अनेक बाजूंनी उघडावा लागतो, त्यामुळे या रेषा नेमक्या मडगार्डच्या वळणावरून आणि छताच्या खांबांवरून जातात. पांढऱ्या प्लास्टिकवर त्या दिसत नाहीत, बोटाला मात्र जाणवतात. ४०० नंबरचा कागद, मग ६००, मग १०००, आणि वर राखाडी प्रायमर. प्रायमर पडला की राहिलेली प्रत्येक रेषा आणि खळगा उघडा पडतो. त्यामुळे प्रायमर हा रंगाचा पहिला थर न समजता तपासनीस समजा.

रंगाआधी दारं, बोनेट आणि डिकीच्या फटी स्क्रायबरने (रेघ कोरायच्या हत्याराने) किंवा पात्याच्या मागच्या टोकाने थोड्या खोल करून घ्या. कारण साधं आहे. ०.१ मिलिमीटर जाडीचा रंग १/२४ मापात २.४ मिलिमीटरचा होतो. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) असे थर चढत गेले की उथळ फटी बुजून जातात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. मेटॅलिक रंगाचंही तेच: खऱ्या गाडीच्या टच-अप रंगातले चमकते कण या मापात खड्यांएवढे दिसतात, म्हणून छंदासाठी बनवलेले बारीक कणांचे रंगच घ्यावेत. प्लास्टिक लाल असेल आणि गाडी पांढरी किंवा पिवळी करायची असेल तर लाल रंग थरांतून वर झिरपतो आणि वरचा रंग गुलाबी पडतो. मधे चंदेरी रंगाचा एक थर दिला की तो अडतो.

स्प्रे कॅन की एअरब्रश, यावर वाद भरपूर चालतात. सुरुवातीला कॅन पुरे. तामियाचे टीएस मालिकेतले कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून वापरले की फवारा बारीक पडतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा कमी दिसतो. उकळतं पाणी वापरू नका, कॅन फुटू शकतो. मी पुढे ०.३ मिलिमीटर नोझलच्या एअरब्रशवर गेले ते मुख्यतः ट्रकच्या चॅसीसाठी (खालच्या सांगाड्यासाठी), कारच्या बॉडीसाठी अजूनही बरेचदा कॅनच. दोन्ही प्रकारांत लॅकरचा वास आणि बाष्प घरभर पसरतं, त्यामुळे सेंद्रिय बाष्पासाठीची काडतुसं असलेला मास्क आणि बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच. साधा कापडी मास्क इथे काही कामाचा नाही. दोन घटक मिसळून वापरायचं कठीण क्लिअर अप्रतिम चमक देतं, पण त्याच्या हार्डनरमध्ये फुफ्फुसांना घातक असं आयसोसायनेट असतं. घरात ते वापरायचं नाही असं मी ठरवलं. लॅकर क्लिअरचे पातळ थर, ते पूर्ण वाळल्यावर २००० च्या पुढचे कागद आणि मग तीन टप्प्यांचं पॉलिश, यातून जी चमक मिळते ती मला पुरते. पॉलिश करताना कडा आणि उठलेल्या रेषा सोडून द्या. तिथेच रंग सर्वांत पातळ असतो आणि खालचा प्रायमर पटकन डोकावतो.

फटींमध्ये सोडायच्या गडद द्रावाला पॅनल लाइन वॉश म्हणतात. फिक्या गाडीवर काळा वॉश व्यंगचित्रासारखा दिसतो. पांढरीला राखाडी आणि लालला गडद तपकिरी घ्या. हा वॉश बहुतेकदा इनॅमल असतो आणि उघड्या, न रंगवलेल्या प्लास्टिकवर साचला की ते तडकतं. जोडाच्या जागी तर फारच.

काचांच्या आणि दरवाजांच्या कडेच्या चंदेरी पट्ट्यांना मी बेअर-मेटल फॉइल (चिकट पाठीची अतिशय पातळ धातूची पत्री) लावते. रंग वाळल्यावर चिकटवायचं, कापूस गुंडाळलेल्या काडीने दाबायचं आणि कोऱ्या पात्याने कापायचं. पातं जरा बोथट झालं की फॉइल कापण्याऐवजी फाटतं. मोलोटोचा क्रोम मार्कर झटपट होतो पण त्याला हात लावायचा नाही, तेवढी काळजी घ्यावी लागते.

आता ट्रक. मी हाती घेतलेलं लांब नाकाच्या अमेरिकन ट्रॅक्टरचं १/२५ किट जुन्या साच्यातून नव्याने काढलेलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्या काळातल्या बहुतेक साच्यांची हीच गत आहे. भागांच्या कडांना प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, साचा झिजल्याची खूण. भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे नेमके दिसणाऱ्या बाजूला. सूचनापत्रात एकेका चित्रात वीसेक भाग आणि त्यांतून निघणाऱ्या रेषा, कुठला भाग कशाच्या आत जातो ते तुम्हीच ओळखायचं. आणि तरीही या वर्षीच्या सगळ्या कामांत मला सर्वांत जास्त मजा याच किटने दिली.

ट्रकचा जीव चौकटीत असतो. दोन लांब पोलादी बीम, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, खाली पाटे, अॅक्सल, आणि दहा टायर. खऱ्या ट्रकसारखीच किटची रचना. एक आडवा तुकडा अर्धा मिलिमीटर तिरका बसला तर चौकट पिळते आणि टेबलावर एखादं चाक हवेत राहतं. केबिन बसवल्यावर ते दुरुस्त होत नाही. म्हणून मी चौकट सपाट काचेवर ठेवून, रबर बँड आणि लहान चिमटे लावून जुळवते आणि गोंद आधी फक्त मधल्या तुकड्यांना देते. तामियाची हिरव्या झाकणाची पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा द्राव) इथे वरदान आहे: भाग आधी जुळवून धरायचे, जोडावर ब्रश टेकवायचा, द्राव आपोआप फटीत ओढला जातो आणि दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळून एक होतं. ती फार पटकन पकडते, त्यामुळे कोन तपासायला वेळ हवा असेल तिथे जाड सिमेंट बरी. खोक्यातूनच वाकडा निघालेला बीम गरम पाण्यात मऊ करून, सपाट जागी वजनाखाली थंड केला की बराचसा सरळ होतो. पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण मऊ पडतं, त्यामुळे पाणी उकळतं नसावं आणि घाईही नसावी.

चौकट एकदा सपाट बसली की ट्रक फार उदार असतो. चॅसी मंद काळी किंवा राखाडी, वर धूळ, तेलाचे ओघळ, मडफ्लॅपवर वाळलेला चिखल. रंगातली लहानसहान खोट यात सहज जिरते. कारवर हीच खोट ओरडून सांगते.

ट्रकवरची खरी डोकेदुखी क्रोम आहे. डिझेलच्या गोल टाक्या बहुतेक किटांत दोन अर्ध्या तुकड्यांत येतात आणि दोन्हींवर चकचकीत मुलामा असतो. त्या मुलाम्यावर सिमेंट चालत नाही आणि टाकीच्या मधोमध जोडाची रेष राहते ती वेगळीच. यावर एकच सरळ उपाय आहे: मुलामा उतरवा. तो म्हणजे अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, घरगुती ब्लीचमध्ये भाग ठेवला की निघून जातो. खाली लॅकरचा थर उरतो, तो जोडाच्या जागी खरवडून काढायचा. मग चिकटवा, लांबी (पुट्टी) भरा, घासा, चकचकीत काळा बेस द्या आणि त्यावर अल्क्लॅड कंपनीचा क्रोम रंग फवारा. वेळ लागतो, पण खोक्यातल्या झगमगाटापेक्षा हा क्रोम जास्त खरा दिसतो. सायलेन्सरच्या उभ्या पाइपांनाही हेच केलं आणि पाइपाच्या तोंडाला आतून भोक पाडलं. दोन मिनिटांचं काम, फरक मोठा.

टायरकडे एकदा नीट बघा. जुन्या किटांतले मऊ व्हायनिलचे टायर प्लास्टिकला खातात: व्हायनिलमधला मऊपणा आणणारा पदार्थ झिरपतो आणि रिम जिथे टेकते तिथे वितळल्यासारखी होते. न उघडलेल्या खोक्यातही हे घडलेलं असू शकतं. टायर वेगळ्या पिशवीत ठेवा आणि बसवताना रिमच्या कडेला फॉइल लावा.

इथूनच संग्रहाचा विषय येतो. सीलबंद जुनं खोकं म्हणजे आत सगळं जागेवर आहे अशी समजूत पक्की असते. वरचं प्लास्टिक घट्ट आवळलेलं असेल तर खोकं चेपतं आणि आतली बॉडीही. डीकल (पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायची चित्रं) पिवळे पडलेले असतात. खिडकीच्या काचेला चिकटवून काही दिवस ऊन दिलं की पिवळेपणा बराच उतरतो, पण पाण्यात टाकल्यावर तुकडे होणार नाहीत याची खात्री कुणी देऊ शकत नाही. उघडलेलं पण आतल्या पिशव्या बंद असलेलं खोकं मला त्यापेक्षा बरं वाटतं, निदान भाग मोजता येतात. तयार प्रतिकृती जमवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: विक्रेत्यांसाठी बनलेल्या सुरुवातीच्या प्रतिकृती अॅसिटेटच्या होत्या आणि त्या काळानुसार आपोआप वाकतात. तशी एखादी सरळ दिसली तर किंमत का चढी आहे ते समजेल.

जुन्या साच्यांतून पुन्हा काढलेल्या किटांबद्दल तक्रार करणारे बरेच आहेत. खोक्यावर नवं चित्र, आत जुनंच प्लास्टिक, हे खरं. पण एएमटी आणि एमपीसी ही नावं आज ज्या राउंड २ कडे आहेत तिने जुन्या साच्यांसोबत नवीन डीकल द्यायला सुरुवात केली, आणि जुन्या ट्रकच्या बाबतीत मला तेवढ्यावरच पैसे वसूल वाटतात. अनेक जुने साचे पुढे शर्यतीच्या गाड्यांसाठी कापून बदलले गेले; जे मूळ रूपात टिकले ते परत मिळतायत हेच पुष्कळ.

ट्रकमागे ट्रेलर हवाच असं वाटत असेल तर आधी फळी मोजा. चाळीस फुटी ट्रेलर १/२५ मध्ये जवळजवळ ४९ सेंटिमीटर होतो, ट्रॅक्टर जोडला की एकूण सत्तरच्या आसपास. माझं ट्रेलरचं किट अजून बंद आहे. ट्रॅक्टरचं फिफ्थ व्हील (ट्रेलर अडकवायची चकती) मात्र मी चिकटवलेलं नाही, म्हणजे पुढेमागे जोडताना उंची जुळवता येईल.