फ्लॅट मॉप, बोअरचं पाणी आणि शहाबादी फरशी: दिवाळीपासून आजवरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या साफसफाईआधी आम्ही मायक्रोफायबरचा फ्लॅट मॉप घेतला आणि त्याच वेळी फरशीसाठी अ‍ॅसिड आणि काळं फिनेल वापरणं बंद केलं. तेव्हापासून हिवाळा गेला, अख्खा उन्हाळा गेला, आता पाऊस निम्म्यावर आलाय. धुराळा, टँकर आणि चिखल, तिन्हींत वापरून झालं म्हणून आता लिहिते. या मॉपचे जे अनुभव वाचायला मिळतात ते बहुतेक गोड्या पाण्याच्या शहरांतले, घरभर एकाच जातीची टाइल असलेले. लातूरकडच्या घराचं गणित वेगळं आहे.

आमचं घर दोन टप्प्यांत झालेलं. पुढची बैठक आणि देवघर जुनं, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, खाली शहाबादी. मागच्या स्लॅबच्या खोल्यांत व्हिट्रिफाइड टाइल. ओटा कडप्प्याचा, न्हाणीत सिरॅमिक. नळाला मांजरा धरणाचं पाणी येतं, पण रोज येत नाही, त्यामुळे ते प्यायला आणि स्वयंपाकाला. धुण्यापुसण्याला बोअर. माळवदाची पांढरी माती वरून गळत असते आणि उन्हाळ्यात रस्त्यावरचा धुराळा खिडक्या लावल्या तरी आत येतो.

मॉपबद्दल सांगण्याआधी पाण्याबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या मते आपल्याकडच्या फरशीचं अर्धं दुखणं तिथंच आहे. पुसून वाळल्यावर फरशीवर जी पांढरट भुरी दिसते ती मळ नसते, क्षार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानलाय आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायला सांगितलंय. आमच्या बोअरचं पाणी तपासलं तेव्हा आकडा 600 च्याही पुढे निघाला. असं पाणी वाळलं की त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम फरशीवरच राहणार. त्यात साबण घातला तर फेस येत नाही, उलट चिकट पांढरा थर धरतो. मग घरची बाई फिनेल वाढवते, चिकटपणा आणखी वाढतो, त्यावर धूळ बसते, आणि शेवटी कोणीतरी सांगतं, एकदा अ‍ॅसिड मारून घ्या.

अ‍ॅसिडबद्दल मला मनापासून सांगायचंय. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा. त्यावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाकल्यावर जो फेस येतो तो मळ निघाल्याचा नसतो, खुद्द दगड विरघळत असतो. दोन दिवस फरशी उजळ दिसते, मग चमक जाते, दगडाची छिद्रं उघडी पडतात आणि पुढचा मळ थेट आत जाऊन बसतो. आमच्या बैठकीत दाराजवळच्या चार फरश्या बांधकामाच्या वेळी मिस्त्रीने सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिडने धुतल्या होत्या. त्या आजही बाकीच्यांपेक्षा मळकट आणि खरबरीत आहेत. कडप्पा आणि कोटासुद्धा चुनखडीच. जुन्या मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं, त्यालाही अ‍ॅसिड खातं. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टिकतात, पण टाइलच्या सांध्यातलं सिमेंट टिकत नाही. आपला दगड कोणता हे माहीत नसेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून बघा. फसफसलं तर चुनखडी समजा आणि लगेच पाण्याने पुसून घ्या. याच कारणाने कडप्प्याच्या ओट्यावर चिरलेलं लिंबू किंवा चिंचेचं पाणी तसंच ठेवू नये, तिथे फिकट डाग पडतो आणि घासून जात नाही.

आता मॉप. सपाट पट्टी, तिला वेल्क्रोने चिकटणारं कापड, आणि दोन कप्प्यांची बादली. एका कप्प्यात भिजवायचं, दुसऱ्यातून ओढून काढलं की पिळून निघतं. किंमत हजाराच्या आत. एकच वस्तू बाजारात दहा नावांनी मिळते, म्हणून नाव सांगण्यात अर्थ नाही. कापडाचे तंतू पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे, केसापेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे बारीक धूळ आणि तेलकटपणा ते फारशा औषधाशिवाय उचलतात. पाणी एवढं कमी लागतं की पूर्ण घराला एक बादलीही संपत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आणलेलं पाणी प्यालेलं हे शहर आहे, इथं ही गोष्ट छोटी नाही. शिवाय फरशीवर पाणी कमी राहिलं की वाळून उरणारे क्षारही कमी. भुरी कमी होण्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

पाण्यात मी भांडी घासायचं लिक्विड टाकते, पाच लिटरला एक छोटा चमचा. एवढंच. ते साबणासारखं जड पाण्यात फाटत नाही आणि दगडालाही काही करत नाही. जास्त घातलं तर चिकट थर राहतो आणि संध्याकाळपर्यंत पावलांचे ठसे दिसायला लागतात. पुसण्याआधी मात्र कोरडं झाडणं चुकवायचं नाही. धुराळ्यावर थेट ओला मॉप फिरवला तर चिखलाच्या रेघाच निघतात. जुन्या भागात आधी शिंदीचा फडा, मग मऊ झाडू, मग मॉप.

आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी फरशीला वापरा असं सगळीकडे सांगतात. पाणी वाचतं हे खरं, आणि न्हाणी, अंगण, संडास यासाठी आम्हीही तेच वापरतो. पण मूळ पाण्यातले क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात, त्यामुळे चकचकीत टाइलवर ते वाळलं की ढगाळ दिसतं. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचंही तसंच. उलट एसीच्या नळीतून गळणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं, त्यात क्षार जवळपास नसतात. उन्हाळाभर आम्ही ते बादलीत धरलं आणि टाइलवर शेवटचा हात त्याच पाण्याने फिरवला. आता पावसाचं पाणी धरतो. फरक डोळ्यांना दिसतो.

आमच्याकडे फरशी पुसायला मावशी येतात, त्यामुळे या मॉपवर खरा अधिकार त्यांचा. पहिले काही दिवस त्यांना विश्वास नव्हता. हाताने घासल्याशिवाय निघतं का कुठं, असं त्यांचं म्हणणं. संक्रांतीच्या सुमारास स्वतःच म्हणाल्या, "ताई, गुडघ्याला लई आराम पडला बघा. पण कोपऱ्यात हे जातच नाही, तिथं मला फडकंच द्या." दोन्ही गोष्टी खऱ्या. उकिडवं बसून पुसणं थांबलं, फिनेलने तळहाताला पडणाऱ्या भेगा थांबल्या. पण पट्टी कोपऱ्यात शिरत नाही, उंबऱ्याच्या कडेला अडते, आणि शहाबादीचे सांधे जिथं खालीवर आहेत तिथं कापड त्यांच्यावरून घसरून पुढे जातं. जुन्या खरबरीत फरशीवर कापडाचे तंतूही लवकर विस्कटतात, म्हणून तिकडची कापडं वेगळी ठेवली आहेत. दांड्याचा सांधा उन्हाळ्यातच ढिला झाला. वेल्क्रोत केस अडकतात, ते जुन्या कंगव्याने काढावे लागतात. आणि बादलीच्या ज्या कप्प्यात भिजवायचं त्यातच मळ परत येतो, त्यामुळे पिळण्याआधी खळबळून घ्यायला एक साधी बादली शेजारी ठेवलीच पाहिजे. कापड धुताना कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका, तंतूंवर थर बसतो आणि मळ धरणं बंद होतं.

ओट्यावरच्या फोडणीच्या तेलाला धुण्याचा सोडा कोमट पाण्यात, हातमोजे घालून. तेल सुटतं आणि कडप्प्याला धोका नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना तो लावायचा नाही, ती काळी पडतात. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायची पद्धत खूप पसरली आहे. ती दोन्ही एकमेकांना मारतात, उरतं ते जवळपास मिठाचं पाणी.

नळ, शॉवर, सिरॅमिक यांवरच्या पांढऱ्या खपल्यांना लिंबूसत्व चांगलं. किराणा दुकानात मिळतं. एक चमचा कपभर पाण्यात, त्यात भिजवलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं नळाला गुंडाळून ठेवायचं आणि मग धुऊन टाकायचं. खाली शहाबादी किंवा कडप्पा असेल तर थेंब पडू द्यायचे नाहीत.

संडासाच्या भांड्याला अ‍ॅसिडवालं क्लीनर आम्हीही वापरतो, पण फक्त भांड्याच्या आत. आणि त्या दिवशी तिथं ब्लीच किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अजिबात नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्या न्हाण्या लहान, खिडकी हातभर. डोळे झोंबले, खोकला सुरू झाला तर साफ करत बसू नका, दार उघडं टाकून बाहेर या. मावशींना आणि सासूबाईंना मी बाटल्या हातात देऊन हे समजावलं, कारण दोन्ही औषधं घातली की डबल काम होतं असा समज घराघरात आहे.

रोज फरशी जंतुमुक्त करायची गरज नसते, हे माझं ठाम मत झालंय. घरात रांगतं बाळ आहे, ते फरशीवरचा हात तोंडात घालतं, तेव्हा फिनेलचा थर असण्यापेक्षा नुसती स्वच्छ फरशी बरी. घरात जुलाब-उलट्या लागल्या की मात्र ब्लीच. बाटलीवर 4 टक्के लिहिलं असेल तर लिटरला 25 मिली, 5 टक्के असेल तर 20 मिली, म्हणजे 0.1 टक्क्याचं पाणी होतं. आधी घाण पुसून साबणाच्या पाण्याने धुवायचं, कारण घाणीवर क्लोरीनची ताकद वाया जाते. मग हे पाणी लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि शेवटी साध्या पाण्याने पुसायचं. त्यासाठी जुनं सुती फडकं घ्या, मायक्रोफायबर ब्लीचने खराब होतं. पाणी रोजच्या रोज नवं करायचं, आणि बाटली अंधारात गार जागी. आपल्याकडच्या मे महिन्यात माळ्यावर ठेवलेल्या ब्लीचमध्ये फारसा दम उरत नाही.

हातगाडीवरून शीतपेयाच्या बाटलीत मिळणारं अ‍ॅसिड आणि फिनेल घरात आणूच नका. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली, ओळखपत्र बघावं, 18 वर्षांखालच्यांना विकू नये असं सांगितलं, तरी ते मिळतंच. मूल पाणी समजून तोंडाला लावतं. तसं झालं तर ओकारी काढायला लावू नका, वर येताना तेच पुन्हा घसा भाजतं. बाटली सोबत घ्या आणि 108 ला फोन करून दवाखाना गाठा.

मॉप पुन्हा घेईन का, तर टाइलच्या घराला नक्की घेईन, पण दांडा स्टीलचा बघून. नुसत्या शहाबादीच्या, सांधे उघडे पडलेल्या घराला मी अजूनही चांगलं पिळलेलं सुती फडकंच सांगेन, बसून पुसावं लागू नये म्हणून लांब दांड्याला लावलेलं. या पावसाळ्यात कापडं वाळत नाहीत, ओली राहिली की कुबट वास धरतात, म्हणून एक जादा जोड मागवली आहे.