तेजस्वी ताऱ्याचे फोटॉन मोजायचेत: सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर घ्यावा की अ‍ॅक्टिव्ह क्वेंचिंगचा स्पॅड?

मायावती उलटी दिसली त्या रात्री जुना सेन्सर बदलायचं मी ठरवलं. ययाती तारकासमूहातला हा तारा दर २.८७ दिवसांनी जोडीदार ताऱ्याच्या ग्रहणाने २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद), आणि अमळनेरला आमच्या घराच्या धाब्यावरून, म्हणजे सपाट छतावरून, मी नेमकं तेच मोजत होतो. तारा मंदावत गेला तसा माझा आकडा वाढत गेला. चुकीचा तारा धरलाय असं समजून तासभर मी फाइंडरमध्येच डोळा घालून बसलो.

तारा बरोबर होता. सेन्सर होता पॅसिव्ह क्वेंचिंगचा स्पॅड. स्पॅड म्हणजे एकेक फोटॉन मोजणारा डायोड. फोटॉन पडला की त्यात करंटचा लोट उठतो, आणि तो थांबवणं म्हणजे क्वेंचिंग. माझ्यात ते काम लाखभर ओहमचा रेझिस्टर करायचा, घरी जोडलेला. त्याचा डेड टाइम, म्हणजे एका फोटॉननंतर आंधळं राहण्याचा वेळ, एक मायक्रोसेकंदाच्या आसपास, आणि त्या वेळात दुसरा फोटॉन आला की तो बिचारा आणखी तेवढाच वेळ आंधळा. माझ्या आठ इंची दुर्बिणीतून, व्ही फिल्टर (हिरवट-पिवळा उजेड सोडणारा) लावून, शून्य प्रतीच्या ताऱ्याचे सेकंदाला साधारण चार कोटी फोटॉन मोजले जायला हवेत. त्या हिशेबाने २.१ प्रतीला ५८ लाख व्हायला हवेत. असा स्पॅड दाखवतो जेमतेम साडेसतरा हजार. ३.४ प्रतीला खरे साडेसतरा लाख, आणि मोजणी तीन लाख. ग्रहण लागलं की तारा उजळतो!

पुढे काळी काच लावणं हा स्वस्तातला उपाय. पण शंभर पटीची काच लावली की शेजारचा तुलनेचा मंद ताराही शंभर पटीने मंदावतो. मोजता येणाऱ्या तेजाची खिडकी रुंद होत नाही, नुसती सरकते. त्यामुळे तुलना उरलेल्या दोघांचीच.

सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर मी आधी घेतला, आणि कुणीही आधी तोच घेईल असं मला वाटतं. तीन मिलिमीटरच्या चौकोनात ५० मायक्रॉनच्या ३,६०० पेशी, प्रत्येक पेशी म्हणजे एक छोटा स्पॅड. एक आंधळी असली तरी बाकीच्या जाग्या. किंमत परवडणारी, व्होल्टेज कमी. एक गोष्ट मात्र विक्रीच्या कागदावर सापडत नाही. नीट फोकस केलेला तारा त्या ३,६०० पैकी एक-दोन पेशींवरच पडतो, आणि मग सगळी श्रीमंती वाया. मुद्दाम फोकस बिघडवून ताऱ्याची थाळी करावी लागते. ती केली की वरच्या टोकाला हा सेन्सर खरंच सुरेख चालतो. मात्र त्या वेगाला एकेक पल्स मोजायचा हट्ट सोडून करंट मोजावा, नाहीतर पल्स एकमेकांत मिसळतात. शिवाय माझ्या २,००० मिलिमीटर फोकल लांबीवर तीन मिलिमीटर म्हणजे आकाशातल्या पाच कलांहून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जास्त. वाऱ्याने नळी हलली तरी तारा निसटत नाही.

मग नडलं कुठे? खाली. डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत मंद ते सर्वांत तेजस्वी असा झेपणारा पल्ला, म्हटलं की सगळे छताकडे बघतात, जमिनीकडे कुणी बघत नाही. या सेन्सरचे अंधारातले काउंट, म्हणजे उजेड नसतानाही सेकंदाला उठणारे खोटे पल्स, २५ अंशांना चौरस मिलिमीटरला ५० हजार धरले, तर नऊ चौरस मिलिमीटरला साडेचार लाख झाले. म्हणजे झाकण लावलेल्या दुर्बिणीतही पाचव्या प्रतीचा एक तारा कायम तळपतोय. तोही स्थिर असता तर वजा करून टाकला असता. पण दर आठ-दहा अंशांना हे काउंट दुप्पट होतात, आणि आपला मे महिना तुम्हाला ठाऊक आहेच. रात्री दहाला धाब्यावर ३३ अंश आणि नऊ लाख, पहाटे चारला २७ अंश आणि साडेपाच लाखांच्या आतबाहेर. मी बघत होतो तूळ राशीतला डेल्टा, ४.९ ते ५.९ प्रत. त्याची घट माझ्या हिशेबाने अडीच लाखांच्या थोडी वर. तारा जेवढा मंदावत होता त्याहून जास्त माझा सेन्सरच गार होत होता.

यावरचा उपाय म्हणजे दर पंधरा मिनिटांनी झाकण लावून अंधार मोजायचा. शेजारचे काका त्यांच्या धाब्यावर झोपतात. तिसऱ्या रात्री ते अंथरुणातूनच म्हणाले, "झाकण लायी राह्यना, काढी राह्यना, काय चालू शे भाऊ?" उत्तर द्यायला जमलं नाही. झाकण लावताना धक्का लागून तारा सरकायचा, तो परत मध्ये आणेपर्यंत पाच मिनिटं जायची, आणि ग्रहणाचा तळ नेमका त्याच पाच मिनिटांत येतो असा माझा अनुभव आहे. ते झाकण हेच माझं खरं कारण. बाकीचे आकडे मी नंतर जुळवलेत म्हणा ना.

एक कबूल करायला हवं. एक मिलिमीटरचा तुकडा घेतला असता तर अंधाराचे काउंट नवव्या हिश्श्यावर आले असते. मला हे उशिरा सुचलं. तरी रात्रभराची घसरण चाळीस हजारांची राहते, म्हणजे त्या घटीच्या पंधरा टक्के.

आता वापरतो तो अ‍ॅक्टिव्ह क्वेंचिंगचा स्पॅड. अ‍ॅव्हलांच (तो करंटचा लोट) सुरू झाली की सर्किट स्वतःच व्होल्टेज खाली ओढतं आणि ठरलेल्या वेळेनंतर परत चढवतं. मिलानच्या सर्जिओ कोवा यांनी १९७०च्या दशकात ही वाट घालून दिली. माझ्या मॉड्यूलचा डेड टाइम ५० नॅनोसेकंद, आणि मुख्य म्हणजे तो ताणला जात नाही. त्यामुळे मोजणी तेजाबरोबर चढतच राहते, उलटी फिरत नाही. ४५ लाख मोजले, तर मोजणी आणि डेड टाइमचा गुणाकार ०.२२५, ४५ ला ०.७७५ ने भागलं की खरे ५८ लाख. मायावती सरळ झाली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अतुल इंगळे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याच गुणावर लख्ख उजेडातली छायाचित्रं काढून दाखवली.

तो ५० चा आकडा मात्र कागदावरचा धरू नका. पत्र्याच्या डब्यात दोन एलईडी लावा, एकेक मोजा, मग दोन्ही मिळून मोजा. बेरजेत जे कमी पडतं त्यातून तुमचा स्वतःचा डेड टाइम निघतो. तो आणखी कमी करायच्या मोहात पडू नये, कारण सिलिकॉनमध्ये अडकलेले इलेक्ट्रॉन उशिरा सुटतात आणि खोटे पल्स वाढतात.

आतल्या पेल्टियरमुळे (विजेवर चिप गार ठेवणारा तुकडा) अंधाराचे काउंट मे महिन्यातही तीनशेच्या आसपास राहतात. झाकण संध्याकाळी एकदा काढायचं, पहाटे एकदा लावायचं.

गैरसोयी आहेत. मी प्रयोगशाळेतून निघालेला जुना नग घेतला, तरी तो सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरच्या कितीतरी पट महाग पडला. शून्य प्रतीचा अभिजित तारा त्यालाही झेपत नाही. चार कोटी आले तर दुरुस्तीवर माझा विश्वास बसत नाही, तिथे काळी काच लावतोच. आणि त्याचं भोक फक्त ५० मायक्रॉनचं, म्हणजे आकाशात पाच विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). माउंट कुरकुरणारा असेल, ध्रुवाकडे नीट लावलेला नसेल, तर हा घेऊ नका, रडाल. फोकल रिड्यूसर लावून आठ विकलांपर्यंत सैल होतं, तेवढंच.

तुम्ही हिवाळ्यातच निरीक्षण करणार असाल आणि तेही तोरणमाळसारख्या थंड जागी, तर माझं म्हणणं अर्धं गळून पडतं. नऊ अंशांना सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा तो पोटातला तारा चौथ्या हिश्श्यावर येतो. माझा मी विकलेला नाही. तिथल्या यशवंत तलावाच्या काठी वारा सुटला की स्पॅडच्या भोकातून तारा दर मिनिटाला निसटतो, म्हणून जानेवारीत डब्यात दोन्ही घेऊन जातो.