विचारून मोजावे की करवून मोजावे? आरोग्य साक्षरतेच्या राष्ट्रीय पाहण्यांचा तुलनात्मक आढावा

देशाच्या किंवा राज्याच्या पातळीवर आरोग्य साक्षरता, म्हणजे आरोग्याविषयीची माहिती मिळवून, समजून आणि पारखून वापरण्याची क्षमता, मोजायची असे ठरले की पहिला वाद साधनावरून होतो. मोठ्या प्रमाणावर वापरून झालेले तीन मार्ग सध्या आपल्यासमोर आहेत. युरोपने लोकांना त्यांचा अनुभव विचारला, अमेरिकेने लोकांना प्रत्यक्ष कामे करायला लावली, आणि ऑस्ट्रेलियाने आधी दुसरा मार्ग धरून नंतर पहिल्याचाच एक निराळा प्रकार स्वीकारला. महाराष्ट्रातील एका ग्रामीण पाहणीसाठी यांतून निवड करण्याचे काम माझ्याकडे आले होते. अशाच निवडीपुढे उभ्या असलेल्या संस्थांसाठी आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी त्यातून बनलेले मत मांडतो आहे. आरोग्य साक्षरतेची सविस्तर व्याख्या आणि नमुना निवडीचे नियम वाचकांना ठाऊक आहेत असे धरले आहे.

युरोपीय प्रश्नावलीचा, म्हणजे एचएलएस-ईयूचा, आराखडा या तिन्हींत सर्वांत देखणा आहे हे आधीच मान्य केले पाहिजे. उपचार, रोगप्रतिबंध आणि आरोग्यसंवर्धन ही तीन क्षेत्रे, आणि माहिती मिळवणे, समजणे, पारखणे व वापरणे या चार क्षमता, अशा बारा घरांत तिचे ४७ प्रश्न बसवलेले आहेत. २०११ साली आठ देशांत, प्रत्येकी सुमारे १,००० लोकांमध्ये ही पाहणी झाली आणि जवळजवळ निम्म्या लोकांची आरोग्य साक्षरता अपुरी किंवा अडचणीची आहे, असा निष्कर्ष निघाला. नेदरलँड्समध्ये हे प्रमाण २९ टक्के होते, तर बल्गेरियात ६२ टक्के. पुढे २०१९ ते २०२१ या काळात १७ देशांनी याच पद्धतीची सुधारित पाहणी केली आणि बारा प्रश्नांची आटोपशीर आवृत्तीही उपलब्ध झाली. या पद्धतीमागचा विचार मला मनापासून पटतो. अडचण ही एकट्या माणसाची उणीव नसते. दवाखाना, औषधाच्या खोक्यातील माहितीपत्रक, विम्याचा अर्ज हे सगळे जितके क्लिष्ट, तितकी ती वाढते. म्हणून ‘तुम्हाला हे कितपत सोपे जाते’ असे विचारण्यात व्यवस्थेचीही परीक्षा होते, आणि धोरण आखणाऱ्याला नेमकी कोणती वाट बिकट आहे हे कळते.

असे असूनही माझे मन या पद्धतीवरून उडाले, आणि त्याचे कारण एकच आहे. प्रत्येक प्रश्नाला ‘खूप सोपे’, ‘बऱ्यापैकी सोपे’, ‘बऱ्यापैकी अवघड’ आणि ‘खूप अवघड’ असे चारच पर्याय असतात. ‘माहीत नाही’ हे उत्तर प्रगणक वाचून दाखवत नाही. कोणी आपणहून तसे म्हटले तरच त्याची नोंद होते. आता ज्या माणसाने दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा विचार आयुष्यात कधी केलेला नाही, त्याला ‘दुसऱ्या डॉक्टरांचे मत कधी घ्यावे हे ठरवणे तुम्हाला कितपत सोपे वाटते’ असे विचारल्यावर तो काय सांगणार? आमच्या चाचणी फेरीत अशा प्रश्नांवर लोक प्रथम गप्प होत, मग प्रगणकाच्या चेहऱ्याकडे पाहत आणि शेवटी ‘सोपंच आहे की’ म्हणून मोकळे होत. घरी आलेल्या माणसाला, तोही हातात कागद घेऊन आलेला, आपल्याला काही जमत नाही असे सांगणे कोणालाच आवडत नाही. शिवाय प्रगणक पाहुणा ठरतो आणि पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, ही भावना उत्तरांपर्यंत पोहोचते.

याहून त्रासदायक गोष्ट पुढे होती. डॉक्टरांच्या सूचना पाळण्याविषयीच्या प्रश्नांवर सर्वांत निःशंक उत्तरे मला वयस्कर, कमी शिकलेल्या आणि डॉक्टरांवर संपूर्ण श्रद्धा असलेल्या माणसांकडून मिळाली. ‘डॉक्टर सांगतील तसं करायचं, त्यात अवघड काय?’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले की पुढे ते कोणत्या उत्तरात मोडायचे हे प्रगणकांनी विचारणेच सोडून दिले. त्याच घरात गोळ्यांची पाकिटे पाहिली तर सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी एकाच डबीत पडलेली असे, आणि कोणती कशासाठी हे सुनेला विचारावे लागे. उलट तालुक्याच्या गावी शिकवणारे एखादे शिक्षक, जे वाचतात, तुलना करतात आणि शंका घेतात, तेच ‘अवघड’ म्हणत. जो पर्याय पाहतो त्यालाच निवड कठीण वाटते. म्हणजे आज्ञाधारकपणाला गुण मिळतात आणि विचार करणाऱ्याचे गुण कापले जातात. हे सर्वत्र घडते असा दावा मी करणार नाही. युरोपातील आकडेवारीत कमी शिक्षण आणि कमी गुण हे सामान्यतः बरोबर चालतात. पण जिथे डॉक्टरांना प्रश्न विचारण्याची सवयच नाही, तिथे हे साधन वापरण्याआधी ही शक्यता तपासून पाहावी, एवढे आग्रहाने सुचवतो.

गुणांकाच्या गणिताकडेही थोडे लक्ष द्यावे लागते. उत्तरांना १ ते ४ गुण देऊन त्यांची सरासरी ० ते ५० या मोजपट्टीवर बसवतात आणि ३३ च्या वर गेलेल्याला पुरेसा साक्षर मानतात. ४७ पैकी प्रत्येक प्रश्नाला ‘बऱ्यापैकी सोपे’ म्हणणाऱ्याचा गुणांक ३३.३ येतो, म्हणजे तो जेमतेम पार होतो. त्यानेच एका प्रश्नाला ‘बऱ्यापैकी अवघड’ म्हटले की गुणांक ३२.९८ होतो आणि तो ‘अडचणीच्या’ गटात जातो. मधले पर्याय निवडण्याची सवय असलेला केवढा तरी मोठा समूह या एका रेषेच्या आसपास उभा असतो, आणि ‘निम्मी लोकसंख्या’ असा ठळक मथळा त्यातूनच तयार होतो. शिवाय ठरावीक संख्येपेक्षा अधिक प्रश्न अनुत्तरित राहिले तर त्या व्यक्तीचा गुणांकच काढता येत नाही. ज्यांचा आरोग्यसेवेशी फारसा संबंधच आला नाही तेच लोक असे गळतात, आणि पाहणी मुळात त्यांच्यासाठी असते.

ऑस्ट्रेलियाची कथा निवड करणाऱ्याला सर्वांत उपयोगी आहे, कारण एकाच देशाने दोन्ही मार्ग वापरले. तेथील सांख्यिकी कार्यालयाने २००६ च्या प्रौढ साक्षरता पाहणीतील आरोग्यविषयक कामांवरून गुण काढले, तेव्हा सुमारे ६० टक्के प्रौढ किमान आवश्यक पातळीच्या खाली आढळले. पुढे २०१८ मध्ये त्याच कार्यालयाने एचएलक्यू (हेल्थ लिटरसी क्वेश्चनेअर) ही अनुभव विचारणारी प्रश्नावली घेतली. तिच्यात ४४ प्रश्न आणि नऊ स्वतंत्र मोजपट्ट्या आहेत, आणि त्यांची एकत्रित बेरीज मुद्दामच केली जात नाही. डॉक्टर आपल्याला समजून घेतात का, आरोग्याच्या बाबतीत आधार देणारी माणसे आहेत का, दवाखान्याच्या व्यवस्थेतून वाट काढता येते का, असे प्रत्येक अंगाचे वेगळे चित्र मिळते. एखाद्या जिल्ह्यात किंवा रुग्णालयात सुधारणेचे काम हाती घ्यायचे असेल तर यापेक्षा चांगले साधन मी पाहिलेले नाही, आणि आधाराच्या माणसांविषयीची तिची मोजपट्टी आपल्या एकत्र कुटुंबांना विशेष लागू पडते. मात्र राष्ट्रीय पातळीवर तिची अडचण उघड आहे. २००६ आणि २०१८ यांच्या मधल्या बारा वर्षांत परिस्थिती सुधारली का, याचे उत्तर त्या दोन पाहण्या शेजारी ठेवून देता येत नाही. वापरासाठी परवानगीही घ्यावी लागते, म्हणून वेळापत्रकात त्यासाठी जागा ठेवावी.

आता राहिला अमेरिकी मार्ग. २००३ च्या राष्ट्रीय प्रौढ साक्षरता पाहणीत १९,००० हून अधिक प्रौढांना नेहमीच्या व्यवहारातले छापील कागद दाखवून कामे सांगितली गेली. त्यांपैकी २८ कामे आरोग्याशी संबंधित होती. १२ टक्के लोक प्रवीण, ५३ टक्के मध्यम, २२ टक्के प्राथमिक आणि १४ टक्के त्याहूनही खाली आढळले. येथे कोणी ‘सोपंच आहे’ म्हणून सुटू शकत नाही. औषध कधी घ्यायचे हे कागदावरून सांगता आले तर आले, नाही तर नाही. माझा कल या बाजूला झुकला तो एवढ्यासाठीच. युरोपीय पाहणीच्या कर्त्यांनीही २०११ मध्ये आपल्या प्रश्नांच्या जोडीला आइस्क्रीमच्या पोषण-लेबलवरील सहा प्रश्नांची ‘न्यूएस्ट व्हायटल साइन’ ही छोटी कसोटी ठेवली होती, ही बाब मला बोलकी वाटते.

या मार्गाचे दोष लहान नाहीत. अमेरिकेतील कसोटी इंग्रजीतून होती, आणि हिस्पॅनिक प्रौढांपैकी ४१ टक्के सर्वांत खालच्या पातळीवर गेले. त्यात आरोग्याची समज किती आणि इंग्रजीची अडचण किती हे वेगळे काढणे कठीण आहे. नंदुरबारमध्ये भिली बोलणाऱ्या किंवा मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या घरी मराठी कागद घेऊन गेलो तर तीच चूक आपणही करू. आइस्क्रीमचे लेबल तर आमच्या गावांत कोणी वाचून खाल्लेले नव्हते, त्यामुळे उसनी कसोटी जशीच्या तशी चालत नाही. लोकांना परीक्षा दिल्यासारखे वाटून संकोच होतो, हाही आक्षेप खरा आहे. आणि बारीक छपाई वाचायला सांगताना चाळिशी पार केलेल्यांचा चष्मा घरी आहे का हे आधी पाहिले नाही, तर आपण नजर मोजतो आणि नोंद साक्षरतेची करतो. आम्ही निरनिराळ्या नंबरांचे वाचनाचे चष्मे सोबत ठेवत असू.

तरीही ‘करवून मोजणे’ आपल्याकडे अशक्य आहे, असे जे म्हटले जाते ते मला पटत नाही. जनगणनेत साक्षरता सांगण्यावरून नोंदली जाते, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कमी शिकलेल्या उत्तरदात्यांच्या हाती एक वाक्य लिहिलेले कार्ड देऊन ते वाचायला सांगतात. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ पाहणीने तर याच तत्त्वावर ग्रामीण भारतातील मुलांचे वाचन आणि गणित घरोघरी जाऊन तपासले. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट एवढ्याच पायऱ्या, आणि तपासणारे बहुतांशी स्थानिक स्वयंसेवक. मूल शाळेत जाते का, एवढ्यावर थांबलेली चर्चा ते वाचू शकते का, इथवर आली ती अशा साध्या तपासणीमुळे. आरोग्य साक्षरतेची चर्चाही तशीच पुढे नेण्याची गरज आहे असे मला वाटते.

म्हणून आम्ही जे ठरवले ते असे: मोजकी पाच-सहा कामे, सगळी रोजच्या वापरातली. जलसंजीवनीची दोन पाकिटे समोर ठेवून कोणते एक लिटर पाण्यात आणि कोणते २०० मिलिलिटर पाण्यात मिसळायचे ते विचारायचे. गोळ्यांच्या पट्टीवरची मुदत शोधायला सांगायची. बाळाच्या लसीकरण कार्डावरून पुढची तारीख काढायला सांगायची. डॉक्टरांच्या चिठ्ठीतील ‘१-०-१’ चा (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) अर्थ विचारायचा. ज्याला वाचता येत नाही त्याला कागद मोठ्याने वाचून दाखवायचा आणि ते नोंदवायचे, म्हणजे अक्षरओळख आणि समज यांची गल्लत होत नाही. काम जमले नाही तर ‘घरात हे कोण सांगते?’ असा एक प्रश्न जोडायचा; तो ऑस्ट्रेलियाच्या प्रश्नावलीवरून सुचला. आणि शेवटी युरोपीय बारा प्रश्न, ‘असा प्रसंगच आला नाही’ हा पर्याय प्रगणकाने स्पष्टपणे वाचून दाखवण्याच्या अटीवर. असा बदल केल्यावर त्या बारा प्रश्नांचे गुण युरोपातील गुणांशी काटेकोरपणे ताडून पाहता येत नाहीत, ही किंमत आम्ही जाणून मोजली.

तुमचा हेतू निराळा असेल तर निवडही निराळी असू शकते. भारताचे नाव इतर देशांच्या तक्त्यात शेजारी बसवायचे असेल, किंवा दूरध्वनीवरूनच पाहणी करावी लागणार असेल, तर युरोपीय प्रश्नावली अजिबात बदल न करता घ्यावी; फोनवरून पाकीट दाखवता येत नाही. एका रुग्णालयाची सेवा सुधारायची असेल तर एचएलक्यूच्या नऊ मोजपट्ट्यांना पर्याय नाही. पण दहा वर्षांनी पुन्हा त्याच गावांत जाऊन फरक पडला का हे सांगायचे असेल, तर निम्मे प्रश्न गाळावे लागले तरी हरकत नाही, कामे मात्र गाळू नयेत, आणि पहिल्या फेरीत वापरलेली पाकिटे, पट्ट्या व कार्डे जशीच्या तशी जपून ठेवावीत, कारण कंपन्या वेष्टने बदलतात आणि बदललेल्या वेष्टनावर केलेली कसोटी जुन्या कसोटीशी जुळत नाही.