गॅस्ट्रिक बँडचे अकरा महिने: सर्वात घट्ट होता तेव्हाच वजन वाढलं

बँड बसवून अकरा महिने झाले. शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन ११२ किलो होतं, आज सकाळी ९३. हे ऐकून कुणी 'वा!' म्हणतं, कुणी 'एवढंच?' दोघांचंही खरं आहे. बायपास किंवा स्लीव्ह या वजन उतरवण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रिया केलेल्यांचं वजन पहिल्या वर्षात याहून झपाट्याने उतरतं. बँडची चाल सावकाश. आठवड्याला अर्धा ते एक किलो गेला तरी समाधान माना, असं मला आधीच बजावलं होतं. मी मान डोलावली होती, मनावर घेतलं नव्हतं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जठराच्या अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिका संपते तिथून जरासं खाली, सिलिकॉनचं कडं बसवतात. कड्याच्या आतल्या बाजूला फुगा असतो. त्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली शिवलेल्या पोर्टला, म्हणजे सुई टोचायच्या छोट्या डबीला, जोडलेली असते. पोर्टमधून सलाइन भरलं की कडं आवळतं, काढलं की सैलावतं. जठर कापत नाहीत, आतड्यांची वाट बदलत नाहीत. स्लीव्हमध्ये जठराचा बहुतांश भाग कायमचा काढून टाकतात, आणि त्या 'कायमचा'ला मी घाबरले. तंत्र तसं जुनंच. दुर्बिणीतून असा बँड पहिल्यांदा १९९३ मध्ये बेल्जियममध्ये बसवला गेला, अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. मधली काही वर्षं त्याचा फार बोलबाला होता. आता बहुतेक सर्जन स्लीव्हकडे वळलेत. माझ्या सर्जननीही दोनदा विचारलं होतं, "नक्की बँडच?" त्या प्रश्नात काय काय होतं ते मला पुढे कळलं.

शस्त्रक्रियेचं फारसं सांगण्यासारखं नाही. आधीचे दोन आठवडे यकृत आक्रसावं म्हणून कमी उष्मांकाचा आहार होता, तो मात्र जिवावर आला. पाच छोटी छिद्रं, एक रात्र मुक्काम. टाक्यांपेक्षा डावा खांदा जास्त ठणकला. पोट फुगवायला भरलेला वायू थोडा आत राहतो, त्याने श्वासपटल चिडतं आणि दुखतो खांदा! मला वाटलं हृदयाचंच काहीतरी. सिस्टरने हसून उठवलं आणि चालायला लावलं. तीन दिवसांत गेलं. पोर्टच्या जागी मात्र कुशीवर वळताना महिनाभर ओढ बसायची.

पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, मग नेहमीचं. पहिल्या टप्प्यात भूक जवळजवळ नव्हतीच. सूज असते, म्हणून आपसूक आवळल्यासारखं वाटतं. मी खूश. चौथ्या आठवड्यात सूज उतरली आणि भूक अशी परतली की जणू शस्त्रक्रिया झालीच नाही. बँड तेव्हा रिकामा असतो, आतल्या जखमा भरेपर्यंत रिकामाच ठेवतात. त्या दोन आठवड्यांत मी दोन किलो परत मिळवले आणि रडले. ही अवस्था बहुतेकांना येते हे मला कुणीतरी ठळक अक्षरांत लिहून द्यायला हवं होतं.

सहाव्या आठवड्यात पहिलं फिल, म्हणजे बँडमध्ये सलाइन भरणं. माझा बँड १० मिलीचा. टेबलावर उताणं झोपायचं, डॉक्टर बोटांनी पोर्ट चाचपतात, कातडी पुसतात आणि एक खास सुई घालतात. साध्या सुईने पोर्टच्या पडद्याचा तुकडा निघून तो गळू शकतो, म्हणून ही वेगळी. रक्त तपासायला टोचतात तेवढंच दुखतं. नंतर उठून बसायचं, घोट घोट पाणी प्यायचं, ते सरळ उतरलं तरच घरी. पहिल्या खेपेला ३ मिली. काहीच फरक नाही. महिन्याने दीड मिली, तेव्हा खाणं निम्म्यावर आलं. त्या दिवशी पोर्ट जरा तिरका झालेला, हाताला लागेना. दोनदा टोचून शेवटी एक्स-रेखाली शोधला.

आणखी १ मिली भरून ५.५ झाले आणि गाडी रुळावर आली. लहान थाळीभर जेवण, तीन-चार तास भूक नाही. इथेच थांबायला हवं होतं. पण आठवड्याला अर्धा किलो मला पुरेना. पुढच्या भेटीत "अजून थोडा आवळा" म्हणून मीच हट्ट धरला. भूक लागते का, या प्रश्नाला मी चक्क खोटं उत्तर दिलं. झाले ६.५.

पुढचे पाच आठवडे आठवले तरी घशाशी येतं. घास छातीच्या मधोमध अडकायचा. मग तोंडात चिकट लाळ सुटायची, थांबायचीच नाही, आणि शेवटी तो घास जसाच्या तसा वर. याला ओकारी म्हणू नये, कारण अन्न जठरात पोचलेलंच नसायचं. ताजा ब्रेड, कोरडं मांस, धागेदार भाज्या यांचं नावच नको. मग काय उतरायचं? आईस्क्रीम. चॉकलेट. बिस्किट चहात बुडवून. गोड आणि मऊ ते सगळं बँडखालून सुळकन निसटतं, त्याला कोण अडवणार! बँड सर्वात घट्ट असताना माझं वजन दीड किलोने वाढलं. हा हिशेब मला कागदावर मांडूनही पटेना.

रात्री आडवं झालं की आंबट पाणी वर यायचं आणि खोकला उठायचा. मला वाटलं सर्दी. आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवर एकच विचारलं, "उशा किती घेऊन झोपता?" तीन, म्हटलं. "उद्याच या." रात्रीचा खोकला ही बँड जास्त घट्ट झाल्याची खूण असते. अशात सतत उलट्या होत राहिल्या तर जठर बँडखालून वर सरकू शकतं, मग पुन्हा टेबलावर जाणं आलं. माझं नशीब, बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत बँड जागेवर होता. १ मिली काढलं. तिथेच बसून ग्लासभर पाणी प्यायले, आणि ते विनातक्रार खाली गेल्याचं इतकं सुख वाटलं की डोळे भरून आले.

नंतर किंचित भरून आता ५.८ वर आहे. माझ्या बँडला सकाळचा मूड नसतो. उठल्यावर दोन तास तो आखडलेला असतो, ताण असला की अजून. म्हणून सकाळी फक्त पातळ. घास नखाएवढा, चमचा खाली ठेवायचा, नीट चावायचा, वीस मिनिटांत ताट बाजूला. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा-पाऊण तास नाही. पाण्यासोबत अन्न लवकर सरकतं आणि पोट भरल्याची जाणीव निसटते. ही शेवटची सवय मला सर्वात जड गेली, अजून चुकते. फसफसणारी पेयं सोडली. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बंद, त्यांनी जठराच्या अस्तराला इजा होते आणि बँड आत रुतण्याची भीती वाढते. दर फिलनंतर दोन दिवस पातळच.

कुणी विचारतं, बँड बसवून घेऊ का? चार-सहा आठवड्यांनी तपासणीला जाणं जमणार नसेल तर मी सरळ नाही म्हणते. सर्जन लांब असेल तरीही नाही: एखाद्या रात्री पाणीसुद्धा उतरेनासं झालं, तर बँड सैल करणारा माणूस तातडीने मिळायला हवा. शिवाय काही वर्षांनी बँड काढावा लागलेले पुष्कळ आहेत, हे धरूनच चालायचं. मला स्वतःला पश्चात्ताप आहे का? ६.५ च्या दिवसांत होता. आज नाही. गुडघे जिना चढताना कुरकुरत नाहीत, रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवते: बँडचा प्रकार, क्षमता, आत किती मिली. खाली मागच्या सगळ्या फिलच्या तारखा, ६.५ भोवती लाल गोल. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. भूक लागते का विचारलं, तर खरं सांगणार: लागते, जेवणाच्या वेळेला.